एका इंचाची खिडकी

"ती दुर्बीण गेली ओ ताई, मागच्याच आठवड्यात. हॉटेलवाल्यानं नेली. काउंटरवर ठेवतो म्हणला शोभेला. ही पेटी तेवढी नको म्हणला." आमच्या सोलापुरात, मंगळवार पेठेतल्या जुन्या सामानाच्या दुकानात मी बंबाची तोटी शोधायला गेले होते. तोटी मिळाली नाही. दुकानदाराने मात्र एका फुटक्या ग्रामोफोनखालून लालसर लाकडाची, हातभर लांबीची पेटी ओढून पुढे सरकवली. कोयंडा पितळी, किल्ली हरवलेली. झाकण उघडलं आणि वास आला. जुनं लाकूड, कसर लागलेलं मखमल आणि त्याखाली एक ओळखीचा, गोडसर, धुरकट दर्प. देवदाराच्या तेलाचा. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागले तेव्हा ऑइल इमर्शनच्या भिंगाला आम्ही हेच तेल लावत होतो. माझ्या त्या वर्षांतल्या सगळ्या साड्यांच्या पदराला हा वास असायचा. सातशे रुपये देऊन मी पेटी घेऊन आले. तोटीचं विसरूनच गेले.

घरी येऊन एकेक वस्तू वर्तमानपत्रावर मांडली. चौदा निघाल्या. हिरव्या मखमलीत एक सोडून प्रत्येकीची आपली खोबण होती, तिच्याच आकाराची. एकतीस वर्षं मी रोज सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते आहे. फोकस कुठे लागणार हे बोटांना आधी कळतं, डोळ्यांना मागून. दुकानदाराची 'दुर्बीण' म्हणजे सूक्ष्मदर्शकच, आणि त्याच यंत्राच्या या पेटीतलं मला काहीच ओळखू येईना. मधोमध भोक असलेला रुपयाएवढा खोलगट आरसा. काचेच्या झाकणाची पितळी डबी, थेट चुन्याच्या डबीसारखी. चार गोल खिडक्या पाडलेली पांढरी पट्टी. एका टोकाला चिमटा आणि दुसऱ्या टोकाला अर्धी काळी, अर्धी पांढरी चकती असलेली सळई. कडेला खाचा पाडलेला, मधून किंचित खोल असा एक पितळी तुकडा, एका टोकाला काचेची खिडकी. तो हातात घेऊन मी किती तरी वेळ बसले. याच्यात काय ठेवत असतील? काय बांधत असतील? कारण खाचा बांधण्यासाठीच होत्या, एवढं दिसत होतं.

चौदांपैकी एकच वस्तू मी पाहताक्षणी ओळखली, आणि ती सूक्ष्मदर्शकाची नव्हतीच.

ती धागे मोजायची काच होती. तीन पितळी पानं बिजागरीने जोडलेली. मिटली की काडेपेटीपेक्षा लहान, उघडली की इंग्रजी झेडसारखी उभी राहणारी. खालच्या पानाला बरोबर एक इंचाची चौकोनी खिडकी, वरच्या पानात भिंग. सोलापुरात गिरणी आणि माग यांच्या आसपास वाढलेल्या कुणालाही ही काच सांगावी लागत नाही. आमचे अण्णा गिरणीत कापड तपासणीला होते. भोंगा झाला की सायकल काढायचे, आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात, शिसपेन्सिलीच्या शेजारी, ही काच. कापडावर ती उभी करायची, डोळा भिंगाला टेकवायचा आणि खिडकीतले उभे धागे मोजायचे, मग आडवे. इंचात किती ताणा, किती बाणा. ठरल्यापेक्षा कमी भरला की त्या ताग्यावर निळ्या खडूची खूण. रविवारी घरी असले की माझ्या फ्रॉकच्या घेरावर काच ठेवून मला मोजायला लावायचे. शाळेतले पाढे मला आवडत नव्हते, हे आवडायचं. भिंगाखाली फ्रॉकचं कापड कापड राहायचंच नाही. दोरखंड व्हायचे, एकावरून एक, एकाखालून एक, मधे काळोखाची भोकं. मी कडेला आलेल्या धाग्यापाशी अडखळायचे. खिडकीच्या चौकटीने अर्धा झाकलेला धागा धरायचा की सोडायचा? अण्णांचा नियम ठरलेला होता. "डाव्या कडेचा धरायचा, उजव्या कडेचा सोडायचा. दोन्ही धरलेस तर मालकाचं नुकसान, दोन्ही सोडलेस तर विणणाऱ्याचं."

गिरणी बंद झाली तेव्हा त्यांना ती काच खात्यात जमा करावी लागली. चाळीस रुपयांची वस्तू असेल-नसेल. देणी कधी मिळणार याची कुणी शाश्वती देईना, पण काच मात्र वहीत सही घेऊन मोजून परत घेतली. अण्णा देण्यांबद्दल बोलायचे. काचेबद्दल कधी बोलले नाहीत. फक्त नंतर कित्येक वर्षं नवा टॉवेल किंवा चादर घरात आली की त्यांचा हात खिशाकडे जायचा.

मी डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा, करून लॅबमध्ये लागले, आणि पहिल्याच आठवड्यात पांढऱ्या पेशी मोजायला शिकवलं. जाड काचेची न्यूबावर पट्टी, तिच्यावर कोरलेल्या बारीक रेघांचे चौकोन. रक्त वीसपट पातळ करायचं, त्याचा थेंब आच्छादन-काचेखाली सोडायचा, तो एक दशांश मिलीमीटर खोलीत पसरतो. मग चार कोपऱ्यांतले, एकेक मिलीमीटर बाजूचे चार चौकोन मोजायचे आणि बेरजेला पन्नासने गुणायचं. मी विचारलं, रेघेवर बसलेल्या पेशीचं काय? मॅडम म्हणाल्या, वरच्या आणि डाव्या रेघेला टेकलेली धरायची, खालची आणि उजवी सोडायची. मला एकदम रडूच आलं. मॅडमना वाटलं, काम झेपत नाहीये. संध्याकाळी घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते भाकरीवर शेंगाचटणी घेत होते. म्हणाले, "मग? सगळीकडं तसंच असणार की. नाहीतर मेळ कसा लागंल?" त्यांना त्यात नवल वाटलंच नाही. आता आमच्याकडे पेशी मोजणारं यंत्र आहे, एका मिनिटात सगळे आकडे कागदावर. आकडा विचित्र आला तर मात्र अजूनही काचपट्टी काढून मी हाताने मोजते, डावी धरून, उजवी सोडून.

पण ही काच या पेटीत का? तिला खोबण नव्हती. मखमलीच्या एका कोपऱ्यात ती नुसतीच ठेवलेली होती. ज्याची पेटी त्याने कधी तरी मागाहून टाकली असणार, आपल्या दृष्टीने ही पण त्याच जातीची, असं समजून. आणि त्याचं काही चुकलेलं नाही. सूक्ष्मजीव पहिल्यांदा पाहणारा लेव्हेनहूक हॉलंडमधल्या डेल्फ्टचा कापड-व्यापारी होता; कापडाचा पोत पारखायला भिंग वापरणाऱ्यांतला. कापडावरची नजर त्याने पुढे तळ्याच्या पाण्याकडे वळवली, दातांवरच्या किटणाकडे वळवली. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हुकने १६६५ साली आपल्या सूक्ष्मदर्शकातली निरीक्षणं छापली, त्यात सुईचं टोक आणि वस्तऱ्याची धार झाल्यावर लगेच येतं ते तलम लिननचं कापड आणि मग रेशीम. पेशी हा शब्द त्याने दिला म्हणून आम्ही त्याला ओळखतो. त्या बुचाच्या पेशींपर्यंत तो पोचला, तो कापडाच्या धाग्यांवरून.

उरलेल्या तेरा वस्तू घेऊन मी सरांकडे गेले. सरांनी आम्हाला बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकवलं. आता पंचाऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं, पण पेटी समोर ठेवल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि एकेक वस्तू डोळ्यांजवळ नेत राहिले. भोकाचा आरसा मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या कपाळावरच्या आरशासारखा समजत होते, फक्त बाहुलीच्या मापाचा. सर म्हणाले, "तत्त्व तेच गं. पण हा डॉक्टरच्या कपाळाला नाही, भिंगाच्या कपाळाला." मग त्यांनी आपली मूठ भिंगाची नळी म्हणून उभी धरली आणि आरसा तिच्यावर टोपीसारखा उलटा चढवला, खोलगट बाजू खाली. आपण जे पाहतो ते आरपार उजेड जाणारं असतं: रक्ताचा पातळ थर, कांद्याचा पापुद्रा. पण भुंग्याची पाठ, खडा, बी यांच्यातून उजेड जात नाही. खालून प्रकाश टाकला तर नुसती काळी सावली दिसते. आणि वरून टाकावा तर भिंग इतकं जवळ आलेलं असतं की उजेडाला शिरायला जागा नाही. मग वस्तू लहान ठेवायची, तिच्या मागे काळी चकती. खालून आलेला उजेड तिच्या चहूबाजूंनी वर जातो, या आरशावर आपटतो आणि परत खाली, बरोबर त्या वस्तूवरच, गोळा होतो. बर्लिनच्या लीबरक्यून नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात हा आरसा रूढ केला आणि त्याच्याच नावाने तो ओळखला जातो. प्रत्येक भिंगाला वेगळा आरसा लागतो, कारण भिंग जिथे पाहतं तिथेच आरशाचा उजेड पडायला हवा. म्हणून आरशाच्या कडेला बारीक आकडा कोरलेला होता. ३. म्हणजे तिसऱ्या क्रमांकाच्या भिंगाचा. ते भिंग हॉटेलात.

काळ्या-पांढऱ्या चकतीचंही मग आपोआप उलगडलं. फिकट वस्तू काळ्या बाजूवर, गडद वस्तू पांढऱ्या बाजूवर.

पांढरी पट्टी मला हस्तिदंती वाटली होती आणि मनात जरा धाकधूक होती. सरांनी ती उजेडात तिरपी धरायला लावली. पट्टीत केसाहून बारीक काळ्या रेघा आणि ठिपके होते. "हे काय आहे, तू सांग." मी पाहिलं आणि एकदम कळलं. हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या, हॅवर्सची नलिका. परीक्षेत आकृती काढायला यायची तीच, इथे लांबीने कापलेली. पट्टी हाडाची होती. काचेच्या स्लाइड येण्याआधी अशाच पट्ट्या असत. प्रत्येक खिडकीत अभ्रकाच्या दोन चकत्या, त्यांच्यामध्ये नमुना, आणि वरून पितळी तारेची कडी दाबून बसवलेली. अभ्रक म्हटल्यावर मला आईच्या जुन्या इस्त्रीतलं अभ्रक आठवलं. तार जळाली की दुरुस्तीवाला तेच पापुद्रे सोडवून दाखवायचा. चारपैकी तीन खिडक्या रिकाम्या होत्या. चौथीत एक केस होता. कुणाचा, कशाचा, काही लिहिलेलं नाही. मी लॅबमध्ये नेऊन पाहिला. माणसाचा असावा असा, पिकलेला.

चुन्याची डबी ही चुन्याची डबी नव्हती, ती जिवंत थेंबाची डबी होती. पितळी नळीच्या डोक्यावर काच, तिच्यावर पाण्याचा थेंब. झाकणालाही काच, आणि झाकण हळूहळू खाली सरकवलं की थेंब दोन काचांमध्ये हवा तेवढाच दबतो. आतला जीव पळू शकत नाही आणि मरतही नाही. हे ऐकल्यावर मला दम निघेना. सकाळी सिद्धेश्वर तलावावरून बाटलीभर पाणी आणलं, काठाजवळचं, हिरवट. लॅबचे रिपोर्ट दुपारी दोनला संपले. मे महिना, बाहेर त्रेचाळीस, आणि पंखा बंद करावा लागला, कारण डबीतल्या थेंबाच्या कडा वाऱ्याने सुकत होत्या. घाम भुवयांवरून थेट आयपीसवर. रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला, आपल्याच रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, २० ऑगस्ट १८९७ ला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला, तोही पंख्याविना बसून. त्याच्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामाने गंजले होते, असं त्यानेच लिहून ठेवलंय. मी उजेड गोळा करणारा कंडेन्सर खाली उतरवला, लहान भिंग लावलं आणि झाकण किंचित दाबलं. हिरव्या गोळ्यांच्या गर्दीतून एक पारदर्शक जीव शेपटीच्या दोन बोटांनी काचेला धरून उभा राहिला आणि त्याने डोक्यावरची दोन चक्रं फिरवायला सुरुवात केली. चक्रधारी, रोटिफर. त्याच्या पोटात गिळलेला हिरवा कण जात्यातल्या दाण्यासारखा दळला जाताना दिसत होता. एकतीस वर्षं मी याच खुर्चीवर बसते, पण काचेखाली कुणी माझ्यासमोर जेवत होतं असं पहिल्यांदा झालं.

खाचांच्या पितळी तुकड्यापाशी सर बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "ही माशाची पट्टी." लहान मासा ओल्या फडक्यात गुंडाळून त्या खोलगट भागात निजवायचा, खाचांमधून फीत ओवून बांधायचा, आणि शेपटी काचेच्या खिडकीवर पसरायची. बेडकासाठी असली की याहून मोठी, पायाच्या पडद्यासाठी. कशासाठी? तर रक्त वाहताना पाहण्यासाठी. १६२८ साली हार्वी या इंग्रज डॉक्टरने रक्त गोल फिरतं हे सिद्ध केलं, पण रोहिणीतून ते नीलेत जातं कसं, ती वाट त्याने पाहिलेली नव्हती. ती इटलीतल्या मालपिघीला १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात दिसली. हार्वी तोवर गेला होता. पुढे लेव्हेनहूकने लहान ईल मासे काचेच्या नळीत घालून त्यांच्या शेपटीतला प्रवाह पाहिला, आणि त्यासाठी वेगळं यंत्रच बनवलं. नंतर शंभर-दीडशे वर्षं सूक्ष्मदर्शक विकत घेणाऱ्याला पेटीत ही पट्टी मिळत राहिली. म्हणजे दिवाणखान्यात पाहुणे जमायचे आणि त्यांना माशाचं वाहतं रक्त दाखवायचं. मला हे ऐकून आधी नकोसं वाटलं. फितीने करकचून बांधलेला मासा, शेपटीवर उजेड, आणि रांगेने डोळा लावणारी माणसं. प्रॅक्टिकलला मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून पसरवलेले बेडूक आठवले. त्यांचं हृदय उघडं पडल्यावरही चालू असायचं आणि आमच्यातल्या एकीला चक्कर आली होती.

आणि तरी रात्री झोप येईना. कारण मी एकतीस वर्षं रक्त पाहत आले, पण माझं रक्त सगळं थांबलेलं. काचेवर ओढलेलं, वाळवलेलं, लीशमनच्या रंगाने रंगवलेलं. किंवा न्यूबावरच्या चौकोनात निपचित बसलेलं, मोजून घ्यायला. वाहतं रक्त मी कधी पाहिलंच नव्हतं.

शेजारच्या वाड्यातल्या हौदात मलेरियावाल्यांनी सोडलेले गप्पी मासे आहेत. त्यांच्याकडून बरणीत एक मादी आणली, बोटाच्या दोन पेरांएवढी. फीत बांधायची नाही, हे ठरवूनच. ओल्या कापसाची गादी पट्टीवर केली, मासा त्यावर आडवा, वरून पुन्हा ओला कापूस, फक्त शेपटी बाहेर. शेपटीवर पाण्याचा थेंब आणि आच्छादन-काच. घड्याळ समोर ठेवलं, दोन मिनिटं, एक सेकंद जास्त नाही. पहिल्यांदा शेपटी फडफडली आणि सगळं धूसर झालं. मग ती स्थिरावली. शेपटीच्या काड्यांमधून उजेड येत होता, आणि काडीच्या कडेने काही तरी धावत होतं. फोकस एक केसभर फिरवला. लांबट, मधे ठिपका असलेल्या पेशी. माशाच्या लाल पेशीत केंद्रक असतो, आपल्यासारखा पुसलेला नसतो. रोहिणीतून त्या हिसक्याहिसक्याने येत होत्या, हृदयाच्या ठोक्याबरोबर पुढे, क्षणभर अडखळून पुन्हा पुढे. मग केशवाहिनीत शिरताना एकेकटीने, जत्रेतल्या गल्लीतून माणसांनी अंग चोरून जावं तशा, एका वळणावर एक पेशी कोपऱ्याला अडकून वाकली, मागच्या दोन थांबल्या, आणि ती सुटली तशा तिघी निघाल्या. पलीकडे नीलेत प्रवाह संथ, एकसारखा. मी मोजायला गेले. सवयीने. एक, दोन, तीन, आणि चौथी कुठली हे कळेना, कारण चौकोन नव्हता, कड नव्हती, डावी-उजवी काहीच नव्हतं. एक मिनिट चाळीस सेकंदांवर मी मासा काढला आणि बरणीत सोडला. तो तळाशी गेला, थोडा कलंडला, कल्ले जोरात हलत होते. माझा जीव वर-खाली. अर्ध्या मिनिटाने तो सरळ झाला. रात्री नऊला जाऊन हौदात सोडून आले, आणि दुसऱ्या दिवशी कामाला जाताना उगीच हौदात डोकावले. सगळे सारखेच दिसतात.

पुन्हा कुठल्याही माशाला मी त्या पट्टीवर निजवणार नाही. आणि ती दोन मिनिटं मला कुणी परत मागितली तर देणारही नाही. या दोन्हींची सांगड मला घालता आलेली नाही.

गेल्या रविवारी पुणे रस्त्यावरच्या त्या हॉटेलात गेले. काउंटरवर, गणपतीच्या तसबिरीखाली, बडीशेपेच्या वाटीशेजारी तो सूक्ष्मदर्शक उभा होता. पितळ पॉलिश करून झगझगीत केलेलं. मालक चांगला माणूस निघाला. पेटीची गोष्ट ऐकल्यावर त्याने स्वतःच यंत्र उचलून खिडकीशी टेबलावर आणून ठेवलं. आयपीसवर धूळ, तीही त्याने रुमालाने पुसली. मी भिंगाच्या नळीवर अंगठा फिरवला. ३. आरसा पेटीतून काढला, नळीवर चढवला, आणि तो किंचित अडून, मग अगदी हळू, हवा दाबल्यासारखा आवाज करत जागेवर जाऊन बसला. पाहायला काय? वेटरच्या खांद्यावर सोलापुरी टॉवेल होता. त्याच्या दशांमधला एक धागा, सुटत आलेला, मी विचारून कात्रीने काढला आणि सळईच्या चिमट्यात धरला, मागे काळी चकती. खालचा आरसा खिडकीच्या उन्हाकडे वळवला. आधी नुसता काळोख, मग करडं, आणि फोकस फिरवता फिरवता त्या काळोखात एक पांढरा पिळदार दोर तरंगत वर आला. चहूबाजूंनी उजळलेला, कुठेच सावली नाही, आणि त्या दोरातले कापसाचे तंतू एकेक सुटे, चपटे, फितीसारखे पीळ खाल्लेले.

"दिसतंय का ओ काही?" मालक माझ्या खांद्यामागून विचारत होता. "काय बघलालाव एवढं?"

"थांबा," मी म्हटलं, "मोजते."